वाट न विचारता

गोव्यात कुणाला वाट विचारली की उत्तराआधी प्रश्न येतो. तू कुणाची? गाव कुठला? मग आडनाव, मग त्या आडनावाचे आणखी कोण कोण त्यांच्या ओळखीचे, आणि हे सगळं होईस्तोवर वाट सांगून झालेली असते. बहुतेक वेळा सोबत चालून दाखवलेलीही असते. याचा मला राग नाही. फोंड्याच्या बाजारात, बसस्टँडवर, जत्रेत अशी चौकशी झाली की मीही चार प्रश्न उलट विचारून घेते. इस्पितळात मात्र ती जड जाते. तिथे वाट विचारायची म्हणजे आजार सांगायचा. “स्त्रीरोगाची ओपीडी कुठे?”, “मनोविकार विभाग कुठल्या मजल्यावर?” असं भर हॉलमध्ये मोठ्याने विचारावं लागतं, कारण समोरचा किती लांब उभा आहे याचा अंदाज नसला की आवाज आपोआप चढतो.

डोळस माणूस दाराशी उभा राहून पाट्या वाचतो आणि चालू लागतो. विचारायचंच झालं तर कुणाला विचारायचं ते चेहरे बघून ठरवतो. ओळखीचं कुणी दिसलं तर खांबाआड सरकतोही. मला दिसत नाही, त्यामुळे यातलं काही जमत नाही. जी पावलं जवळून जातील त्यांना मी “जरा ऐकता का” म्हणते, आणि ती पावलं माझ्या मावसबहिणीच्या शेजारणीची निघू शकतात. निघाली आहेत. संध्याकाळी मावशीचा फोन: “काय गो, बरी आहेस ना? तुला तिथे पाहिली म्हणे.”

इमारतीच्या आत फोनने वाट दाखवावी यावर जगभर बरीच वर्षं काम चाललं आहे. त्याबद्दल लिहिणारे बहुतेक डोळस लोक स्वावलंबन, आत्मविश्वास असं काय काय लिहितात. चांगलंच आहे ते. माझी गरज त्याहून साधी आणि जरा कोती आहे. मी कुठे चालले आहे हे मी ठरवीन त्यालाच कळावं.

माझे डोळे एकदम गेले नाहीत. रेटिनायटिस पिग्मेंटोसा हा डोळ्यांच्या पडद्याचा आजार सावकाश काम करतो. आधी रात्रीचं दिसेनासं होतं, मग कडा जातात, मग मधला जो तुकडा उरतो तो लहान लहान होत जातो. तिशी उलटली आणि माझ्याकडे तोही राहिला नाही. बँकेतली नोकरी टिकली ती पडद्यावरचं मोठ्याने वाचणाऱ्या स्क्रीन रीडरमुळे. आता फोनवर तसंच वाचून दाखवणारं टॉकबॅक, हाडातून आवाज पोचवणारा इअरफोन, म्हणजे कान रस्त्यासाठी मोकळे राहतात, आणि हातात पांढरी काठी, एवढ्या सामानावर मी फोंड्याहून पणजीला बसने जाते-येते. कुंडईपाशी गाडीचं इंजिन काय म्हणतं ते मला पाठ आहे, बाणस्तारीच्या पुलावर टायरचा आवाज बदलतो. फोन नुसता दुजोरा देतो. गावांची नावं तो जुन्या पोर्तुगीज स्पेलिंगवरून वाचतो, त्यामुळे करंझाळ्याचं काय होतं ते ऐकण्यासारखं असतं. पण पोचवतो.

दार ओलांडलं की हाच फोन गप्प होतो, किंवा त्याहून वाईट, बरळायला लागतो.

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. तिथून इथवर पोचेपर्यंत त्यांचा संदेश इतका क्षीण झालेला असतो की त्याला अडवायला काँक्रीटचा एक स्लॅब पुरतो. जे थोडं आत झिरपतं ते भिंतींवर आपटत, वाकड्या वाटेने येतं. फोन त्यावरूनच हिशेब मांडतो आणि मी तिसऱ्या मजल्यावर असताना मला बाहेरच्या पार्किंगमध्ये उभी करतो. उघड्या आभाळाखालीसुद्धा फोनची पाचेक मीटरची चूक धरूनच चालावं लागतं. रस्त्यावर ती खपते. आत पाच मीटर म्हणजे बायकांच्या आणि पुरुषांच्या स्वच्छतागृहांमधलं अंतर. मजल्याचा वेगळाच घोळ. काही फोनांत हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो आणि एक मजला चढल्यावर दाब जेमतेम पाव-अर्धा हेक्टोपास्कल उतरतो तेवढंही त्याला कळतं. पण तेवढा फरक दिवसभरात नुसत्या हवेनेही पडतो. कंपासवर भिस्त ठेवावी तर भिंतीतल्या सळ्या आणि लिफ्टची यंत्रं त्याची उत्तर दिशा तीन पावलांत फिरवतात.

म्हणून आत गेल्यावर उरतात काठी, कान आणि लोक. एका मोठ्या इस्पितळाचं सांगते. नाव घेत नाही, कारण मी जिथे जिथे गेले तिथे थोड्याफार फरकाने हेच. आत पाऊल टाकलं की छत एकदम उंच जातं. ते आवाजावरून कळतं. भिंतींना गुळगुळीत फरशी, त्यामुळे प्रत्येक आवाज चारही बाजूंनी परत येतो. टोकनची घंटी वाजते ती समोर वाजली की मागे, सांगता येत नाही. काउंटर ज्या बाजूला असेल तिथे माणसांच्या बोलण्याचा दाट गोळा असतो, पण औषधांच्या खिडकीपाशीही तसाच असतो. काठी फार तर पाऊलभर पुढचं सांगते, आणि रांगेने जोडलेल्या स्टीलच्या खुर्च्यांच्या बाबतीत तर तेही नाही. काठी खुर्चीच्या पोटाखालून सरकन आत जाते, पुढे मोकळं आहे असं वाटतं आणि नडगी दांड्यावर आपटते.

तेवढ्यात कोपराला हात लागतो. काही न विचारता, मागून.

“दोळ्यांची ओपीडी न्हय? ये, हांव व्हरतां.” म्हणजे चल, मी नेतो.

आंधळी बाई इस्पितळात आली म्हणजे डोळ्यांसाठीच, याबद्दल कुणालाच शंका नसते. वास्तविक माझ्या अंगातला डोळे हा एकच अवयव असा आहे की ज्याचं आता कुठल्याही डॉक्टरकडे काम उरलेलं नाही. बाकी सगळ्यांचं वयाप्रमाणे काही ना काही निघतं. त्या हाताला खरं सांगायचं नसलं की मी म्हणते, मावशी ॲडमिट आहे, तिला भेटायला आले. मग तो भला माणूस मला मनापासून बायकांच्या वॉर्डात नेऊन सोडतो, नर्सला हाक मारतो, मावशीचं नाव विचारतो. तिथून परत कसं सुटायचं हा वेगळा विषय.

या प्रश्नाच्या मुळाशी पोचलेलं काम मला माहीत आहे ते चिएको असाकावा या जपानी संगणकशास्त्रज्ञ बाईंचं. लहानपणी पोहण्याच्या तलावात डोळ्याला मार बसला आणि चौदाव्या वर्षापर्यंत त्यांची दृष्टी पूर्ण गेली. वेबपानं मोठ्याने वाचून दाखवणारं होम पेज रीडर हे १९९७ साली आलं, तेही त्यांचंच. आयबीएम आणि अमेरिकेतलं कार्नेगी मेलन विद्यापीठ यांनी मिळून २०१५ मध्ये नॅव्हकॉग नावाचं ॲप बाहेर काढलं, त्यामागेही त्या होत्या. इमारतीत ठरावीक अंतरावर ब्लूटूथचे छोटे डबे लावायचे. प्रत्येक डबा आपला क्रमांक सतत सांगत राहतो. फोन ऐकतो की कुठला डबा किती जोरात ऐकू येतो, आणि आधीच एकदा चालून भरून ठेवलेल्या नोंदींशी ते ताडून पाहतो. मधली जागा पावलं मोजून आणि फोन कुठे वळला ते जाणून भरून काढतो. कानात येतं: पंधरा मीटर सरळ, मग उजवीकडे. पिट्सबर्गच्या विमानतळावर आणि टोकियोच्या निहोनबाशी भागातल्या कोरेडो मुरोमाची या खरेदी-संकुलात हे प्रत्यक्ष चालवून पाहिलं गेलं. सगळं जुळून आलं तर चूक दीड-दोन मीटरवर येते.

जुळून येणं मात्र अवघड. माणसाचं शरीर बरंचसं पाण्याचं, आणि ब्लूटूथच्या लहरी पाण्यात अडतात. म्हणजे सकाळी सहाला रिकाम्या हॉलमध्ये घेतलेल्या नोंदी अकराच्या गर्दीत तंतोतंत जुळत नाहीत. हल्ली असाकावाबाई टोकियोच्या मिराइकान या विज्ञान संग्रहालयाच्या प्रमुख आहेत आणि स्वतः वाट शोधत चालणाऱ्या एका सुटकेसवर काम करतात. २०२५च्या ओसाका एक्स्पोमध्ये ती लोकांसाठी ठेवली होती. हातात सुटकेस असलेली बाई कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. मला त्या यंत्रातली हीच गोष्ट सगळ्यात हुशारीची वाटते.

लंडनमध्ये पिम्लिको या भुयारी रेल्वेच्या स्टेशनात अंध तरुणांच्याच मागणीवरून वेफाइंडर नावाचा असा प्रयोग झाला. त्यातून पुढे २०१७ साली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने एक प्रमाणक काढलं, एफ.९२१ क्रमांकाचं: आवाजाने वाट दाखवायची तर ती कशी दाखवावी याचं. बार्सिलोनात बस-मेट्रोच्या थांब्यांवर नॅव्हिलेन्सच्या, क्यूआर कोडसारख्या रंगीत चौकटी आहेत. फोनचा कॅमेरा नेमका रोखावा लागत नाही, चालता चालता लांबूनच त्या वाचल्या जातात.

हे सगळं मी एकदा भाच्याला सांगत होते. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग आत्या, आपल्याकडे का नाही?”

पैसे नाहीत म्हणून, असं मी म्हणणार नाही. डबे फार महाग नसतात. पणजीत २०२३च्या जानेवारीत पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव पहिल्यांदा भरला आणि तेव्हापासून अशा वस्तू घेऊन येणारी मुलं मला तिथे भेटत आली आहेत. (त्या फेस्टबद्दल एक सांगायलाच हवं. हात धरण्याआधी “कसा हात देऊ?” असं विचारणारे स्वयंसेवक मला तिथे जितके भेटले तितके बाहेर भेटत नाहीत. आणि इतक्या काठ्या एका जागी की दोघं एकमेकांवर आदळले तर “सॉरी, दिसलं नाही” म्हणून हसायचं.) तिथे एका मुलाने मला त्याच्या डब्यांच्या आधारे एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेलं. छान नेलं. मी विचारलं, याच्यातला सेल किती टिकतो? म्हणाला, दोनेक वर्षं. मग कोण बदलणार? तो म्हणाला, तो मेंटेनन्सचा भाग झाला. इतकं खरं उत्तर मला त्याआधी कुणी दिलं नव्हतं.

कारण सगळं तिथेच येऊन थांबतं. आपल्याकडच्या इस्पितळात ओपीडी हलते. छत गळलं म्हणून हलते, नवं यंत्र आलं म्हणून हलते, कधी नुसतीच हलते. डोळसांसाठी जुन्या दारावर एक कागद चिकटपट्टीने लावतात, त्यावर पेनने बाण. पावसाळ्यात चिकटपट्टी सुटते, कागद गुंडाळतो, मग शिपाई दारात उभा राहून हाताने दाखवतो. जिथे कागदाच्या बाणाची ही गत, तिथे फोनमधला नकाशा कोण बदलणार? सर्व्हरवर जाऊन त्वचा विभागाचा ठिपका दुसऱ्या मजल्यावर सरकवणं हे कुणाच्या कामात लिहिलेलं आहे? बांधकाम खात्याच्या, इस्पितळाच्या, की कंत्राटदाराच्या? जुना नकाशा नसलेल्या नकाशापेक्षा वाईट. तो मला खात्रीने चुकीच्या दारात नेतो, आणि मीही खात्रीने आत शिरते.

शिवाय ॲपचा भरवसा काय? मायक्रोसॉफ्टचं साउंडस्केप हे रस्त्यावरच्या जागा त्या त्या दिशेकडून कानात सांगणारं ॲप २०१८ साली आलं, लोकांना त्याची सवय झाली, आणि २०२३ मध्ये कंपनीने ते बंद केलं. कोड सगळ्यांसाठी खुला केला, हे मान्य. पण सवय कोडला लागत नाही.

डबे नकोत, नकाशाही नको, कॅमेराच सगळं पाहील, असं हल्ली ऐकू येतं. फोन कॅमेऱ्यातून जमिनीचे, भिंतींचे बारकावे टिपतो आणि आपण किती सरकलो ते काढतो. वर त्याला पाट्याही वाचता येतात. मी वापरते. पण एका हातात काठी, दुसऱ्या हातात छातीशी धरलेला फोन, आणि जून ते सप्टेंबर छत्री. पिशवीचं तर मी बोलतच नाही. ही ॲपं बनवणाऱ्यांनी एक पावसाळा आमच्याकडे काढावा. एका ॲपने मला “समोर मोकळा कॉरिडॉर आहे” असं ठामपणे सांगितलं आणि मी काचेच्या दारावर गेले. ॲपने माफी मागितली, अतिशय सभ्य भाषेत.

आणि इस्पितळात कॅमेरा उघडून चालायचं म्हणजे दुसऱ्यांचे चेहरे टिपत चालायचं. एकदा सुरक्षारक्षकाने मला अडवलं. फोटो काढायची परवानगी नाही. मी समजावलं की फोटो काढत नाही, फोन मला पाट्या वाचून दाखवतो. तो म्हणाला, पण त्यात ही माणसं येतात ना? बरोबर बोलला. माझ्यासारखंच तिथे बसलेल्या कुणालातरी आपण कुठे बसलो आहोत ते जगाला कळायला नको असेल. माझी वाट मुकी राहावी म्हणून मी त्यांची चित्रं कुठल्यातरी दूरच्या सर्व्हरवर पाठवत होते. त्यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही.

बी माय आईज या ॲपचा अनुभव वेगळा. हान्स यॉर्गन विबर्ग या डॅनिश गृहस्थांनी, जे स्वतः दृष्टी गमावत चालले होते आणि पेशाने फर्निचरचे कारागीर, ते सुचवलं. २०१५च्या जानेवारीत ते सुरू झालं. फोन लावला की जगातला कुणीतरी डोळस स्वयंसेवक माझ्या कॅमेऱ्यातून बघतो आणि बोलतो. मला एकदा एका बाईंनी, बोलण्यावरून विदर्भाकडच्या असाव्यात, लिफ्टपासून एका दारापर्यंत नेलं. दारावरची पाटी त्यांनी वाचली, एक क्षण थांबल्या आणि “हेच ना?” एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. फोन ठेवला. माझं आडनाव त्यांना माहीत नाही, गाव माहीत नाही, मावशी माहीत नाही. अनोळखी माणसाला आपण जे सांगू शकतो ते शेजाऱ्याला नाही, हे मला त्या दारात कळलं.

आता जरा उलट बाजू. इमारती फोनशिवायही बोलतात, बोलायच्या असल्या तर. फोंड्याच्या आसपासची आमची देवळं घ्या. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे. जत्रेच्या दिवशी सभामंडपात किती माणसं असतात ते विचारू नका, पण मी तिथे फोन पिशवीत टाकते. चपला बाहेर काढलेल्या असतात, सगळं कळतं ते तळव्यांना. अंगणातला तापलेला दगड, मग उंबऱ्याची कड, मग गार गुळगुळीत फरशी. जिथे समई तेवते तिथे पायाला तेलाचा किंचित चिकटपणा लागतो, म्हणजे गाभारा समोर. प्रदक्षिणेच्या वाटेवर पिढ्यान्‌पिढ्यांच्या पावलांनी दगड मधोमध झिजलेला आहे. त्या झिजेत पाय ठेवला की भटकायची सोय नाही. अग्रशाळेच्या, म्हणजे देवळाच्या धर्मशाळेच्या बाजूला वळलं की जेवणाचा वास. जपानमध्ये सेइइची मियाके यांनी पायाला जाणवणाऱ्या उंचवट्यांची फरशी शोधून काढली आणि १९६७ साली ओकायामातल्या अंधशाळेजवळच्या रस्त्यावर ती पहिल्यांदा बसवली गेली. आता ती पिवळी फरशी आपल्याकडेही दिसते, असं मला सांगतात. मला ती बुटाच्या तळातून अर्धीमुर्धी कळते, आणि कळते तेव्हा तिच्यावर बहुतेक वेळा कुणाची तरी स्कूटर उभी असते.

पणजीची कला अकादमी मी डोळ्यांनी पाहिली आहे. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांनी तिला रस्त्यापासून थेट मांडवीपर्यंत मोकळी ठेवली. काठी लावत जावं अशा भिंती तिथे कमीच, पण नदीवरचं वारं एका अंगाला लागत राहतं आणि दिशा सुटत नाही. प्रेक्षागृहात व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांनी भिंतीवर रंगवलेले प्रेक्षक होते, बाल्कनीत बसून खाली बघणारे. मराठी नाट्यस्पर्धेला लहानपणी वडिलांबरोबर गेले की नाटक रेंगाळेल तेव्हा मी त्यांनाच बघत बसे. आमच्या वडिलांनी त्यातल्या एकाला गावातल्या एका सावकाराचं नाव ठेवलं होतं. असो, हे फारच अवांतर झालं.

कायद्याचं थोडक्यात. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६चा. सार्वजनिक इमारती सर्वांना वापरता येतील अशा करा, असं तो सांगतो. राजीव रातुरी या दृष्टिहीन कार्यकर्त्याने त्याही आधी, २००५ साली, सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. ८ नोव्हेंबर २०२४ला न्यायालयाने म्हटलं की नियमांतली मानकं नुसती शिफारशीसारखी ठेवून भागणार नाही, बंधनकारक किमान मानकं करा, तीन महिन्यांत. लिफ्टच्या बटणांवर ब्रेल येतं ते अशा रेट्यामुळेच. एका इमारतीत ते ब्रेल मला सापडलंसुद्धा. खराब होऊ नये म्हणून कुणीतरी त्याच्यावर प्लॅस्टिकची पारदर्शक पट्टी स्क्रूने बसवली होती.

भाच्याचं मात्र समाधान होत नव्हतं. “विचारलं तर काय बिघडतं गं आत्या? आम्हीपण विचारतोच की.” विचारता, पण कुणाला ते निवडून विचारता. आणि विचारायचं नसलं तर नाही विचारत. मला सोबतीची खंत नाही. त्याचाच हात धरून मी अर्धं जग फिरले आहे. पण गेल्या वर्षी एका तपासणीला जाताना तो हातही नको होता, कारण काय निघेल ते आधी मला एकटीला ऐकायचं होतं.

तेव्हा आम्ही जे केलं त्यात तंत्रज्ञान फारसं नाही. गोव्यातल्या आम्हा काही अंध मंडळींचा व्हॉट्सॲपवर एक गट आहे. भाचा आणि मी रविवारी, ओपीडी बंद असताना, त्या इस्पितळात गेलो आणि दारापासूनच्या वाटा आवाजात भरल्या. तो डोळ्यांनी सांगायचा, “निळा बोर्ड आला की डावीकडे,” आणि मी ते पुसून माझ्या भाषेत सांगायची: मुख्य दारातून आत, पायपुसणं संपलं की उजवी भिंत धर, काठीला दोन दारं रिकामी लागतील, तिसऱ्याची चौकट लोखंडी, तिच्यानंतर जमीन किंचित उतरते, तिथे डावीकडे. लिफ्टची घरघर मागे राहिली पाहिजे. पुढे ऐकू आली तर चुकलीस. एक वाट म्हणजे मिनिट-दीड मिनिटाचा ऑडिओ. घरूनच ऐकून जायचं, तिथे फोन बाहेर काढायचीही गरज नाही. विभाग हलला की ज्याच्या लक्षात येईल त्याने नवा ऑडिओ टाकायचा, जुना पुसायचा. काही महिन्यांत सगळ्यात जास्त बदल आले ते खुर्च्यांचे आणि पाण्याच्या कूलरचे. विभाग तेवढे हलत नाहीत, सामान हलतं. हे मला नव्हतं माहीत.

सुरुवातीला आम्ही मागणीप्रमाणे वाटा भरत होतो. मग एकीने गटावर मनोविकार विभागाची वाट मागितली आणि अर्ध्या तासात तिला दोघांचे काळजीचे फोन गेले. म्हणजे मावशीच परत. त्यानंतर ठरलं की कुणी मागो न मागो, सगळ्या विभागांच्या वाटा भरून ठेवायच्या. भाचा दोन-तीन रविवार खपला. मूत्रविकार, क्षयरोग, व्यसनमुक्ती, गर्भपाताच्या सल्ल्याची खोली, रक्तपेढी, सगळं. शवागाराशी आल्यावर मात्र तो अडून बसला. ही वाट कशाला? आंधळ्यांच्या घरी माणसं मरत नाहीत काय, असं विचारल्यावर तीही भरली. मागच्या बाजूने जावं लागतं, अँब्युलन्सच्या रस्त्याने, आणि उतारावर कठडा फक्त डाव्या हाताला आहे.